धुनेचा दुसरा भाग

आमच्या घरात गिटार आली ती केळीच्या वाळलेल्या पाल्यात गुंडाळून, वरून गोणपाट शिवून. दादानं दारातच सुतळी कापली तेव्हा शेजारच्या बायकांना वाटलं, दिल्लीहून काहीतरी खायचं आलं असणार. पाल्यातून आधी लाकडाची लांब मान निघाली, मग खुंट्या, मग पोट. आई कमरेवर हात ठेवून बघत होती. ती म्हणाली, "हाई काय लई उना रे? खावाना कामनं शे का पेवाना?" दादा म्हणाला, "वाजाडाना कामनं शे, माय." आईनं पाल्याचा ढीग पायानं एका बाजूला सारला आणि हा कचरा आता कोण झाडणार, असं स्वतःशीच बोलत आत गेली. गिटारचं आमच्या घरात स्वागत झालं ते एवढंच.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ दिलीप. कॉलेज अर्ध्यावर सोडून तो रावेरला एका केळी व्यापाऱ्याकडे नोकरीला लागला होता. मळ्यातून घड कापून आले की वजन करून घ्यायचं, पाल्याचे थर देत ते ट्रकमध्ये लावून घ्यायचे, आणि पाळी येईल तेव्हा ट्रकबरोबर दिल्लीच्या बाजारापर्यंत जायचं, असं त्याचं काम. रावेरला तो सुपडू नावाच्या, त्याच्याच वयाच्या सोबत्याबरोबर एका खोलीत राहायचा आणि सुट्टी मिळाली की धुळ्याला घरी यायचा. आबा, म्हणजे आमचे वडील, पाटबंधारे खात्यात कारकून होते. मुलानं केळीच्या चिकात हात काळे करावेत हे त्यांना आवडलेलं नव्हतं, पण ते कधी बोलून दाखवायचे नाहीत. न बोलण्याची पद्धत आमच्या घरात फार जुनी होती. बोलायचं काम आई एकटी करायची, तेही बहुतेक भांड्यांशी.

त्या खेपेला दिल्लीत ट्रकवाल्यांचा संप झाला आणि दादा एका स्वस्त लॉजमध्ये अडकून पडला. शेजारच्या खाटेवर एक अमेरिकन तरुण होता, खांद्यापर्यंत केस वाढवलेला, कावीळ होऊन हळदीसारखा पिवळा पडलेला. दादानं त्याला उसाचा रस आणून दिला, फुटाणे खायला घातले, हाताला धरून दवाखान्यात नेलं. बरा होऊन तो आपल्या देशी परत जायला निघाला तेव्हा त्यानं स्वतःची गिटार दादाच्या हातात ठेवली. त्याचं इंग्रजी दादाला निम्मं कळायचं आणि दादाचं त्याला त्याहून कमी, पण अडकून पडलेल्या माणसांकडे वेळ भरपूर असतो. तेवढ्यात त्यानं दादाला पत्ती, म्हणजे तार छेडायचा चपटा तुकडा, धरायला शिकवली आणि एका कॅसेटवर एक धून वाजवून दिली. त्याच्या आजोबांच्या मुलखातली, डोंगरातल्या शेतकऱ्यांची धून. तिचे दोन भाग होते. आधी पहिला भाग, शिकणाऱ्याला उमजावा म्हणून पुन्हा पुन्हा वाजवलेला, आणि त्याच्यामागे दुसरा भाग तसाच. धुनेचं नावही त्यानं सांगितलं होतं म्हणे, ते दादा परतीच्या वाटेवर विसरला. आम्ही तिला 'ती धून' म्हणायचो, आणि घरात दुसरी कुठली धूनच नसल्यामुळे कधी घोटाळा झाला नाही.

देवपुरातलं आमचं बिऱ्हाड दोन खोल्यांचं, वर पत्रा. मागे सगळ्या बिऱ्हाडांचं मिळून एक अंगण आणि त्यात कडुनिंब. सकाळी दादर ज्वारीच्या भाकरी थापल्याचा आवाज एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे जायचा, दुपारी कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फटफटायचा, संध्याकाळी पांझरेच्या पुलावरून येणाऱ्या रिक्षांचे भोंगे. या सगळ्यात गिटारचा आवाज पहिल्यांदा उमटला तेव्हा समोरच्या काकू विचारायला आल्या, तुमच्या पत्र्यावर काही पडलं का? दादाला त्याचं काही वाटायचं नाही. तो मागच्या ओट्यावर मांडी घालून बसायचा आणि मी टेपरेकॉर्डर घेऊन त्याच्या शेजारी. मी तेव्हा नुकती दहावी झालेली, दोन वेण्या घालणारी, कोणी काम सांगितलं की तोंड वाकडं करणारी मुलगी होते, पण हे काम मला कुणी सांगावं लागत नसे. त्यानं मान हलवली की मी टेप थांबवायची, बोट गोल फिरवलं की फीत मागे न्यायची. आई आतून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढ्यात आणून ठेवायची, भाकरी गार व्हायची, आणि मग ती बोलायची ते मात्र भांड्यांशी नसायचं.

दिल्लीहून आणलेली मूळ पत्ती लवकरच हरवली. मग दादानं फुटक्या साबणदाणीचं झाकण कापून, तुकडे फरशीवर घासून नव्या पत्त्या केल्या. त्या अमेरिकन माणसानं त्याला एकच नियम सांगितला होता. हात खाली, मग वर, मग खाली, मग वर. स्वर असो की नसो, हात थांबवायचा नाही. जिथे तार छेडायची नाही तिथेसुद्धा हात हवेतून जाऊन परत आला पाहिजे. दादा मला सांगायचा, "शैले, स्वर चुकला तर धकून जातं. हात चुकला की सगळंच बसतं." मला हे मुळीच पटायचं नाही. ऐकू येतो तो स्वर, हात कोण बघतंय, असा माझा वाद होता.

वीज सारखी जायची, म्हणून टेपरेकॉर्डर सेलवर चालायचा, आणि सेल नवे आणायचे म्हणजे आबांसमोर उभं राहावं लागायचं. त्यापेक्षा आम्ही जुनेच सेल पत्र्यावर उन्हात वाळत घालायचो. धुळ्याच्या उन्हात ते थोडे शुद्धीवर यायचे, पण पुरते नाही. त्यामुळे टेप कायम रेंगाळत चालायची आणि आवाज खाली उतरायचा. दादानं गिटारच्या तारासुद्धा त्या उतरलेल्या आवाजाशीच जुळवल्या. अशी ती धून आमच्या घरात फार सावकाश, जड पायांनी आली. मला ती ऐकताना कोणीतरी लांबच्या गावाला एकटंच चालत निघालंय असं वाटायचं. ती नाचायची धून असेल हे आम्हा दोघांच्या स्वप्नातही आलं नाही. दादा म्हणायचा, तिकडचे शेतकरीपण संध्याकाळी आपल्यासारखेच दमत असणार. त्यानं ठरवलं होतं की पहिला भाग पक्का झाल्याशिवाय दुसऱ्या भागाला हात लावायचा नाही. दुसरा भाग आम्ही ओघात एक-दोनदा ऐकला असेल, तेवढाच.

मग आखाजी आली. आमच्या खानदेशात अक्षय्यतृतीयेला आखाजी म्हणतात आणि दिवाळीइतकीच तिची वाट बघतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके टांगतात, गौराईची गाणी म्हणतात. दारात पाण्यानं भरलेली घागर मांडून गेलेल्या माणसांना जेवू घालतात. त्या वर्षी अंगणातल्या कडुनिंबाला झोका बांधला होता आणि गल्लीतल्या मुलींनी हट्ट करकरून आईला त्यावर बसवलं. आई आधी नको नको म्हणाली, मग पदर खोचून बसली, आणि दोन झोके गेल्यावर गायला लागली. माझी आई गाते हे मला ठाऊकच नव्हतं. ते तिच्या माहेरचं गाणं होतं, वरच्या कडव्याला आवाज एकदम चढायचा आणि मग पायरी पायरीनं उतरायचा. दादा घरात धावला, टेपरेकॉर्डर घेऊन आला आणि आई थांबेल या घाईत आत कुठली कॅसेट आहे, कुठवर गेलेली आहे हे न बघता रेकॉर्डिंगची दोन्ही बटणं एकदम दाबली. गाणं संपेपर्यंत तो झोक्याच्या बाजूला टेपरेकॉर्डर उंच धरून उभा होता. संध्याकाळी धून लावली तेव्हा पहिला भाग झाला आणि त्याच्यामागे झोक्याची करकर, मुलींचं खिदळणं आणि आईचं गाणं सुरू झालं. दुसरा भाग पुसला गेला होता.

मला रडू आलं. दादा मात्र हसत सुटला. "जाऊ दे," तो म्हणाला, "तो भेटला कुठे तर विचारू. माय काय रोज गाते का?" पुढचे काही महिने तो पहिला भाग तसाच घासत राहिला, आणि मी फीत मागे न्यायला उशीर केला की आई गायला लागायची. कधीतरी सेल उन्हात जास्त तापले की आई बारीक आवाजात घाईघाईनं गायची आणि आम्ही पोट धरधरून हसायचो. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "बंद कर रे ते! लोके काय म्हनतीन?" पण ती स्वतः उठून कधी बंद करायला आली नाही.

श्रावणात, घरोघरी कानबाई देवी बसायच्या आदल्या दिवशी, दिल्लीहून परतताना आग्रा रोडवरच्या घाटात दादाचा ट्रक दरीत गेला. त्या दिवसाचं मी फार लिहिणार नाही. इतकी वर्षं गेली तरी मला त्यातलं काय आधी घडलं आणि काय मागून, ते नीट लावता येत नाही. सुपडू रावेरहून त्याची पत्र्याची पेटी घेऊन आला, दारात ठेवली आणि आत न येता ओट्याच्या कडेला बसून राहिला, एवढं लख्ख आठवतं. पेटीत दोन पँट, एक टॉवेल आणि साबणदाणीच्या पत्त्यांची पुडी होती.

आमच्याकडे जवान माणूस गेलं की पहिली आखाजी होईपर्यंत घर दुःखात असतं. कढई चढत नाही, म्हणजे तळण होत नाही, पुरण होत नाही, सण दारावरून जातात. गाणं-वाजवणं तर नाहीच. आबांची थोरली बहीण, जिला सगळं गाव अक्का म्हणायचं, ती दहा दिवस राहून हे सगळं बजावून गेली. आबांनी रेडिओ आणि टेपरेकॉर्डर ट्रंकेत घातले, कॅसेटही त्यातच, आणि ट्रंकेची किल्ली आईच्या कमरेला गेली. गिटार तेवढी ट्रंकेत मावली नाही. ती धान्याच्या कोठीमागे, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आई आता भांड्यांशीसुद्धा बोलत नव्हती. मला सगळ्यात कठीण गेलं ते हे. भाकरी थापल्याचा आवाजही आमच्या घरातून हलका यायला लागला, जणू आई कोणाला त्रास नको म्हणून दबकत थापत होती.

दिवाळीत आमच्या दारी पणती नव्हती. एका दुपारी आबा ऑफिसला आणि आई आतल्या खोलीत आडवी झालेली असताना मी कोठीमागून गिटार काढली. कशासाठी काढली हे तेव्हा मला सांगता आलं नसतं. मला दादाचा राग आला होता. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. अर्धवट टाकून गेला म्हणून राग. आवाज करायचा नाही हे तर ठरलेलंच होतं, म्हणून मी आईच्या फाटक्या पातळाची एक चिंधी घेतली आणि तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या जवळ तारांखाली दाबून बसवली. मग पत्ती फिरवली की स्वर निघायचा नाही, नुसता गवारीच्या शेंगा मोडल्यासारखा आवाज व्हायचा. टक, टक, टक. तेवढा आवाज घरात चालण्यासारखा होता.

त्या दिवसापासून मी रोज दुपारी शेंगा मोडू लागले. डाव्या हाताची बोटं कुठे पडतात ते बघून बघून मला पाठ होतं, पण बघणं वेगळं आणि दाबणं वेगळं. बोटांच्या टोकांना आधी फोड आले, मग घट्टे पडले. स्वर ऐकूच येत नसल्यामुळे बरोबर वाजलं की चूक ते कळायला मार्गच नव्हता. कळायचा तो फक्त हात. खाली, वर, खाली, वर. एकदा थांबला की पुन्हा धरता यायचा नाही. दादाचं म्हणणं मला तेव्हा पटलं, आणि ते सांगायला तो नव्हता. स्वर माझ्या डोक्यात चालू असायचे, उतरलेल्या सेलवर चालावेत तसे, सावकाश. पहिला भाग झाला की डोक्यातली टेप पुढे जायची आणि पुढे जे येतं तेच यायचं, म्हणजे आई. मी काही मुद्दाम ठरवलं नाही. माझी बोटं आईच्या गाण्यामागे तारांवर चालायला लागली, जिथे तिचा आवाज चढतो तिथे वरच्या पट्टीकडे सरकायला लागली. हिवाळा गेला, होळी दारावरून गेली, ऊन तापलं, पत्रा दुपारी तडतड वाजायला लागला, आणि माझी ती मुकी धून दोन्ही भागांसकट तयार झाली. ती खरी कशी ऐकू येते हे मात्र मलाच माहीत नव्हतं.

आखाजीच्या आधी अक्का आली. बरोबर मातीचा मोठा डेरा घेऊन आली. गेलेल्या माणसाच्या नावानं पहिल्या आखाजीला जो डेरा पुजतात त्याला आमच्याकडे डेरगं म्हणतात. त्या दिवशी गेलेल्याच्या वयाचा कोणीतरी पितर म्हणून जेवायला बसवतात. तो पाटावर बसला की उठेपर्यंत त्याला त्याच्या नावानं हाक मारायची नाही, गेलेल्याच्या नावानं मारायची. दादाच्या जागी सुपडूला बसवायचं ठरलं, त्याच्याइतकं जवळचं दुसरं कोण होतं? पितराला गेलेल्याच्या आवडीची वस्तू द्यायची असते. अक्कानं घरभर नजर फिरवली आणि कोठीमागच्या गिटारकडे बोट केलं. "ज्यानी वस्तू त्याले पोचाले जोयजे," ती म्हणाली. "घरमा ठेईसन काय फायदा?"

आबा खाली बघत राहिले. मी आईकडे पाहिलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "देई टाका."

मी तरी काय बोलणार होते? दुःखाच्या घरात मी रोज वाजवत होते, असं सांगणार? आणि सांगितलं असतं तरी दादाची वस्तू दादाला पोचू नये असं कोणत्या तोंडानं म्हणणार? त्या रात्री मी अंथरुणात हात खाली-वर, खाली-वर करत पडले होते. हात चालत होता आणि पत्ती मुठीत होती, तेवढं काढून घेणार नाहीत अशी माझी समजूत मी घालत होते. एखाद्याला दुसऱ्यांदा मूठमाती द्यावी लागते हे मला त्या आठवड्यात कळलं.

आखाजीच्या दिवशी पहाटेच आईनं चूल पेटवली आणि नऊ महिन्यांनी घरात कढई चढली. खापरावर पुरणाचे मांडे, कुरडया, भजी, आंब्याचा रस, सांजोऱ्या. दादाला आवडायचं ते सगळं. तेलाचा वास घरभर झाला आणि तो इतका आनंदाचा वास होता की मला मोरीत जाऊन तोंड धुवावं लागलं. डेरगं मांडून झालं, त्यावर पाण्याचा लोटा, लोट्यावर खरबूज. आबांनी निखाऱ्यावर तूप आणि अन्नाचा घास घालून आगारी टाकली, धूर सरळ पत्र्याकडे गेला. सुपडू नव्या टोपीत येऊन पाटावर बसला. ती टोपी त्याला मोठी होत होती. अक्कानं गिटार आणून त्याच्या डाव्या बाजूला भिंतीला टेकवली. चिंधी काढायला मला वेळच मिळाला नव्हता. ती तारांखाली तशीच होती, आणि मी दाराच्या चौकटीत उभी राहून एकटक तिच्याकडेच बघत होते.

सुपडू जेवला. एरवी भरपूर जेवणारा मुलगा, पण त्या दिवशी प्रत्येक घास पाण्याबरोबर उतरवत होता. आई समोर बसून वारा घालत होती आणि "दिलीप, रस ले," "दिलीप, आखो एक मांडा ले," म्हणत वाढत होती. तिच्या तोंडून ते नाव इतक्या महिन्यांनी निघत होतं. जेवण होत आलं तसं अक्कानं आईला खूण केली. शेवटी एक गोष्ट विचारायची असते. आईनं पंखा खाली ठेवला आणि विचारलं, "काही ऱ्हाई गयं का रे दिलीप, तुन्हं?"

यावर पितरानं 'काही नाही, पोट भरलं' म्हणायचं असतं. अक्कानं सुपडूला ते सकाळीच पढवून ठेवलं होतं. पण सुपडूनं हातातला घास ताटात ठेवला. त्यानं गिटारकडे पाहिलं, मग आईकडे. रावेरला एका खोलीत राहून त्यानंही ती धून दादाच्या तोंडून ऐकलेली होती, शिट्टीवर, ट्रक भरता भरता. तो म्हणाला, "मले ते वाद्य वाजवता येत नाही, माय. पण ती धून ऐकाची राह्यली."

"आठे?" अक्का म्हणाली. "डेरगंसमोर?"

"त्यानी मांगं ना," आई म्हणाली. तिचा आवाज जुना होता, भांड्यांशी बोलायची तेव्हाचा. "पितरले कोनी नही म्हनस का?" मग माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "शैला, ती चिंधी काढी टाक आते."

मी चौकटीला धरून उभीच राहिले. म्हणजे तिला माहीत होतं. दिवाळीपासून रोज दुपारी ती भिंतीपलीकडे पडून ऐकत होती, आणि एकदाही उठली नव्हती. आबांकडे पाहिलं तर ते डेरग्यावरचं खरबूज नीट बसवत होते, ते मुळीच हललेलं नसताना. मी पुढे गेले, चिंधी ओढून काढली. आईच्या पातळाचा रंग इतक्या महिन्यांत तारांच्या गंजानं तांबूस झाला होता. मी मांडी घातली आणि दादानं जुळवलेल्या त्या उतरलेल्या तारांवर पत्ती ठेवली.

पहिला स्वर निघाला, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोठ्यानं. तारा थोड्या बेसूर होत्या, पण हात खाली-वर चालत होता, आणि पहिला भाग दादा वाजवायचा तसा, जड पायांनी, त्या खोलीतून चालत गेला. सुपडू मान खाली घालून ऐकत होता. त्याच्या खरकट्या हातावरचा रस वाळत होता. पहिला भाग संपला आणि मी थांबायला हवं होतं, कारण पुढचं काही दादाचं नव्हतं. पण हात थांबवायचा नाही हेच तर मी शिकले होते. हात पुढे गेला, आणि आईच्या माहेरचं गाणं सुरू झालं.

आईनं पंखा उचलला होता तो तसाच हवेत राहिला. ती गायली नाही. रडलीही नाही. तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. आवाज चढतो ते वरचं कडवं आलं, माझं बोट घसरलं, तरी मी हात चालू ठेवून शेवटापर्यंत गेले. पंखा मांडीवर आला. मग आई म्हणाली, "वरलं चुकनं. परत वाजाड."

मी परत वाजवलं. वरच्या जागेशी आल्यावर तिनं पंख्याच्या दांड्यानं जमिनीवर हलकेच ठोका दिला, तिथे थांब, इतकी घाई नको, अशा अर्थी. तिसऱ्यांदा ती जागा तिच्या मनासारखी आली असावी, कारण ती उठली आणि सुपडूसाठी सांजोऱ्या बांधायला आत गेली. आत भांडी वाजली, आणि ती त्यांना काहीतरी बोलली.

सुपडूनं गिटार हातात घेतली आणि अक्काकडे वळला. "मी पाटावरून उठेपर्यंत दिलीप हाये ना, अक्का? मंग ही मी शैलीले देतो." असा प्रसंग अक्कासमोर आधी कधी आलेला नसावा. ती बराच वेळ विचार करत बसली, कपाळाला आठी घालून, जणू कोणाला तरी मनातल्या मनात विचारून घेत होती. मग म्हणाली, "हात धोवाना पहिले देई दे." आणि सुपडूनं खरकट्या हातानंच ती माझ्या मांडीवर ठेवली. तिच्या मानेवर आंब्याच्या रसाचा डाग पडला. तो मी पुसला, पण पूर्ण गेला नाही.

माझ्या नोकरीत बदल्या झाल्या, लग्न झालं, मुलगी झाली, गिटार बरोबर फिरत राहिली. ती कॅसेट मात्र कधीच ट्रंकेत चिकटून गेली. मागच्या उन्हाळ्यात मुलीची मुलगी पुण्याहून आली, तीही गिटार शिकते. तिनं मला पहिला भाग फोनसमोर वाजवायला लावला आणि फोननं धून ओळखली. "आजी, याला ब्लूग्रास म्हणतात, अमेरिकेतल्या डोंगराळ भागातलं संगीत," ती म्हणाली, "आणि तू पत्तीनं वाजवतेस ते फ्लॅटपिकिंग." मग तिनं ती धून लावली. मला आधी ओळखूच आली नाही. कोणीतरी हसत, उड्या मारत पळत सुटावं तशी ती पळत होती. लोक त्यावर टाळ्या वाजवत होते, पाय आपटत होते. आणि मग दुसरा भाग आला, दादानं आयुष्यात एक-दोनदाच ऐकलेला. तो सुंदर आहे. मी हसले, आणि हसता हसता माझं मलाच आवरेना, तेव्हा नातीनं फोन बंद केला. थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, "आजी, तू दुसऱ्या भागात वाजवतेस ते यात कुठेच नाही."

खरा दुसरा भाग तिच्याकडून मी शिकून घेतला. सांधे दुखतात, पण बोटांना तो येतो, आणि एरवी कोणी आलं-गेलं तर मी तोच वाजवते. आखाजीला मात्र नाही. आखाजीला दारात घागरी मांडून झाल्या, दादाच्या नावाची, आबांच्या नावाची आणि आता आईच्याही नावाची, की मी तारा खाली उतरवते आणि जुन्या सेलवरच्या चालीनं सावकाश सुरू करते. पहिला भाग संपतो, हात थांबत नाही, आई सुरू होते. वरच्या कडव्याशी आलं की बोट अजूनही त्याच जागी घसरतं. मग मी परत वाजवते.